झिजलेले पाते

जुना घडीचा चाकू वापरावा की जपावा, हा प्रश्न संग्राहकांच्या वर्तुळात बहुधा किमतीच्या भाषेत सोडवला जातो. न वापरलेल्या पात्याला भाव अधिक, म्हणून ते वापरू नये. आम्हांला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. ती वस्तू कशाची साक्ष देते, हे त्यात विचारलेच जात नाही.

शेफील्डचे उदाहरण घेऊ. चॉसरने चौदाव्या शतकात 'द रीव्ह्ज टेल'मधल्या गिरणीवाल्याच्या मोज्यात खोचून दिला तो शेफील्डचा चाकू. पुढे त्याच गावच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने १८२२ साली १८२२ पात्यांचा 'इयर नाइफ' घडवला. दरवर्षी त्यात एक पाते वाढवायचे, असा संकल्प होता. कारागिरी थक्क करणारी. पण तो चाकू कापण्यासाठी नव्हताच, दाखवण्यासाठी होता. त्याने काचेआडच असावे.

खिशातल्या साध्या चाकूची गोष्ट वेगळी. इंग्रजीत त्याला 'पेननाइफ' म्हणतात, ते पिसाची लेखणी त्याने तासत म्हणून. आपल्याकडे बोरूला तिरपा काप द्यायलाही चाकूच लागे. (लेखनाच्या इतिहासात दौतीला जागा मिळते, चाकूला मिळत नाही, ही तक्रार जाता जाता.) वर्षानुवर्षे धार लावून ज्याची रुंदी निम्मी उरली आहे, अशा पात्याच्या झिजेत कुणाच्या तरी हाताची सवय उतरलेली असते. ते मखमलीवर ठेवून नेमके काय वाचवायचे? ते वापरावे.

न वापरलेले पाते मात्र राखावे, पण भावासाठी नव्हे. धार लावणे म्हणजे पोलाद काढून टाकणे, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. मूळ आकार कुठे तरी शाबूत असल्याशिवाय इतरांची झीज मोजायची कशाशी?

आमचा खरा राग आहे तो चाकावर घासून चकाकी आणणाऱ्यांवर. हॅरी ब्रिअर्लीचे न गंजणारे पोलाद १९१३ चे. त्याआधीच्या साध्या पोलादावर फळांच्या आंबट रसाने करडी-निळसर छटा चढते. तो गंज नव्हे. विक्रेता ती घालवतो, आणि तिच्यासोबत पात्याच्या बुडाशी असलेल्या कारखान्याच्या शिक्क्याची अक्षरेही पुसट होतात. हा ना वापर, ना जतन. जुन्या पोथीचे लेखन 'शुद्ध' करून छापणाऱ्या संपादकाचा हा सख्खा भाऊ.

बंद पेटीत ठेवले म्हणजे जपले, असेही नाही. सेल्युलॉइडची मूठ जुनी होऊन विघटित होऊ लागली की तिच्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ स्वतःचे पाते खातेच, शेजारच्या चाकूंनाही सोडत नाही. असा चाकू वेगळा, हवेशीर जागी ठेवावा. वापरातल्या चाकूला काम झाल्यावर पुसून कोरडे करावे, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा, धार दगडावर हलक्या हाताने लावावी. आणि त्याने डब्यांची झाकणे उचकटू नयेत. टोके मोडतात ती अशानेच.