स्तनांची शस्त्रक्रिया घरी लपवू नका

स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया अनेकजणींना घरी न सांगता उरकायची असते. माझं मत स्पष्ट आहे: घरातल्या एका तरी विश्वासू व्यक्तीला सांगा, मगच तारीख ठरवा.

इम्प्लांट बसवल्यावर साधारण 4 ते 6 आठवडे भरलेली बादली, सिलिंडर किंवा कडेवर मूल उचलायचं नसतं. कोल्हापूरच्या खड्ड्यांतून दुचाकी चालवणंही डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंद. घरी कुणालाच माहीत नसेल, तर ही कामं तुमच्यासाठी कोण करणार?

एका बाजूला अचानक सूज आली, लाली वाढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. रात्री दवाखान्यात न्यायलाही सोबत माणूस लागतं. आणि इम्प्लांट आयुष्यभर टिकतंच असं नाही. त्याचं कार्ड जपून ठेवा.