चातुर्मासाच्या वहीत एक दुपार मुलांसाठी



चातुर्मास जवळ आला की महिला मंडळाच्या वहीत कार्यक्रम भरायला लागतात. प्रश्नमंच, स्तवन स्पर्धा, थाळी सजावट, तपस्वींच्या सांजी. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, जिथे जिथे आपलं मंडळ आहे, तिथे यंदा या वहीत आणखी एक दुपार लिहा, अशी माझी विनंती आहे. विषय असेल मुलांवर होणारे अत्याचार आणि ते थांबवण्यात घराचं काम.

हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "आपल्यात असं काही होत नाही." २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्र आणि गुजरातसह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ला होता आणि घरात मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते. लैंगिक त्रास देणाऱ्यांत निम्मे जण मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. एवढ्या मुलांत आपल्या समाजाची मुलं तेवढी वेगळी असतील, असं मानायला मला कारण दिसत नाही.

आपली घरं भरलेली असतात, हे आपलं भाग्य आहे. लग्नात हॉलमध्ये रांगेने गाद्या पडतात, पाहुण्यांच्या गर्दीत कोणाचं मूल कोणाजवळ झोपलं ते कळत नाही. दुकानातली माणसं घरात ये-जा करतात. ट्यूशनचे सर आहेत, व्हॅनवाले काका आहेत. यातली बहुतेक माणसं चांगलीच असतात. पण एखादं मूल एखाद्या माणसाच्या मांडीवर बसायला नाही म्हणालं, तर आपण काय करतो? "असं नाही करायचं बेटा, वाईट वाटेल त्यांना," म्हणून त्याला पुढे ढकलतो. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून मुलाचं "नाही" आपण मोडून काढतो. मोठ्यांना जय जिनेंद्र म्हणायला, पाया पडायला जरूर शिकवावं. पण अंगाला हात कोणी लावायचा, पापी कोणी घ्यायची, हे ठरवायचा हक्क त्या इवल्या जिवालाही आहे.

आता धर्माकडे येते. प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांची आलोचना करतो. बांधून ठेवणं, मारणं, अंगाला इजा करणं, ताकदीपेक्षा जास्त भार लादणं आणि अन्नपाणी अडवणं. हे आपण गाई-बैलांबद्दल समजतो. पण आपल्यावर अवलंबून असलेला प्रत्येक जीव त्यात येतो, आणि मुलाइतकं आपल्यावर अवलंबून दुसरं कोण आहे? मुंगी दिसली तर आपण पाय उचलून बाजूला ठेवतो. मग मार्क कमी पडले म्हणून तोच हात मुलाच्या पाठीवर पडतो, "आज जेवण नाही" म्हणून खोलीत कोंडलं जातं, ते कोणत्या खात्यात लिहायचं?

यातच आणखी एक गोष्ट येते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगरांतली कितीतरी आदिवासी कुटुंबं कामासाठी गुजरातेत जातात. त्यांच्यातली एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी बाळ सांभाळायला कोणाच्या घरी ठेवली जाते. "खाऊन-पिऊन सुखी आहे" असं आपण म्हणतो. १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, आणि अतिभाराचा अतिचार तर आहेच. तिची आई शेकडो मैल लांब असते. तिला काही झालं तर ती कोणाला सांगणार?

करणं, करवणं आणि अनुमोदना, हे तीन करण पाठशाळेतल्या मुलालाही पाठ असतात. श्रावकाला अनुमोदनेचं पच्चक्खाण नसतं, पण म्हणून तिचा दोष लागत नाही असं नाही. मूल काहीतरी सांगतं आणि आपण म्हणतो, "चूप, बाहेर बोलू नकोस, घराण्याचं नाव जाईल, उद्या लग्न कसं होईल." माझ्या मते ही अनुमोदनाच आहे. त्या माणसाला कळतं की इथे कोणी बोलणार नाही. मुलालाही तेच कळतं.

कायदासुद्धा हेच म्हणतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना सांगणं हे कळलेल्या प्रत्येकावर बंधन आहे आणि न सांगणं हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींच्या बाबतीत जे घडलं, त्यात घरच्यांनी मुलींचं ऐकलं म्हणून ते उघड झालं. कळवलं नाही म्हणून शाळेच्या जबाबदार लोकांवरही गुन्हा नोंदला गेला. पोलीस म्हटलं की आपण घाबरतो, म्हणून हेही माहीत असू द्या की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ बसू शकतं. मुलाचं नाव वर्तमानपत्रात देता येत नाही. चांगल्या हेतूने तक्रार करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

मग त्या दुपारी काय करायचं? एखाद्या महिला डॉक्टरला किंवा समुपदेशक ताईंना बोलवा आणि सासवा-सुनांना एकत्र बसवा, कारण मूल अनेकदा आधी आजीला सांगतं. शरीराच्या अवयवांची नावं मुलांना सरळ शब्दांत कशी सांगायची, ते शिकून घ्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत नंबर पाठशाळेत लावा आणि मुलांकडून पाठ करून घ्या. पाठशाळा आणि शिबिरात कोणीही मोठं माणूस एका मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही, असा नियम करा, मग ती व्यक्ती कितीही आदरणीय असो. सरकारने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती करायला सांगितली आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ती कागदावर आहे की खरंच बसते, हे पालकसभेत विचारा आणि तिथे नाव द्यायला पुढे व्हा.

घरात एवढंच करा. मूल काही सांगत असेल तर हातातलं लाटणं खाली ठेवा. "खरं सांगतोस का?" असं विचारू नका. "बरं झालं मला सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही," असं म्हणा. ज्या घरात मूल कोणाविषयीही बोलू शकतं, मग ते काका असोत, मामा असोत की स्वतः पप्पा, ते कुटुंब मजबूत.

संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावतो. यंदा त्यातल्या सगळ्यात जवळच्या जिवाला समोर बसवून मिच्छामि दुक्कडं म्हणा, आणि मग त्याला काय बोलायचं आहे ते ऐका.

जय जिनेंद्र.