भिंत सरकारची, देव कोणाचा?

जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा व सरकारी कचेऱ्यांतील देवदेवतांच्या तसबिरी उतरविण्याविषयी परिपत्रक काढले. सत्तेतील भागीदार शिवसेनेने आवाज चढविताच ते मागेही घेतले. तसबिरी होत्या तेथेच राहिल्या. कचेऱ्यांतील सत्यनारायणही चालूच आहे, आणि त्याच्या प्रसादाला साहेबांपासून शिपायापर्यंत सारे हजर असतात. यात बिघडले काय, असे आपले कार्यकर्तेही विचारतात.

बिघडते ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे. जातीच्या दाखल्यासाठी आलेला बौद्ध तरुण, शिधापत्रिकेसाठी खेटे घालणारी मुसलमान विधवा यांना ती भिंत एवढेच सांगते की, हे घर दुसऱ्याचे आहे. वस्तुतः साबणाच्या वडीवर ती विधवा जो कर भरते, त्यातूनच ती भिंत उभी राहिली आहे. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे घटनेचे २७ वे कलम सांगते ते याच कारणास्तव.

एका तसबिरीला खर्च तो किती, हा युक्तिवाद जुनाच आहे. १९५१ साली सोमनाथच्या प्रतिष्ठापना समारंभासाठी सौराष्ट्र सरकारने ५ लाख रुपये राखून ठेवले, तेव्हा देशात अन्नटंचाई असताना सरकारने असा खर्च करणे नेहरूंना धक्कादायक वाटले व त्यांनी तसे कळविलेही. आज असे पत्र लिहिणारा पंतप्रधान नाही; २०२० मध्ये नव्या संसदभवनाचे भूमिपूजनच पंतप्रधानांच्या हस्ते झाले. न्यायालयांकडूनही फार आशा धरू नये. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला आक्षेप घेणाऱ्या याचिकाकर्त्याला त्याच न्यायालयाने २०११ मध्ये २० हजारांचा दंड ठोठावला.

मग आंबेडकरांची तसबीरही उतरवा, असे काही शहाणे सुचवितात. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि आराध्यदैवत यांतील भेद ज्यांना कळत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कार्यकर्त्यांनी तसबिरी उतरवीत फिरावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्यातून दंगलखोरांचेच फावेल. परंतु कारकुनांच्या ज्या संघटनांत आपले लोक आहेत, तेथे हा प्रश्न मांडावयास काय हरकत आहे? पूजेची वर्गणी नाकारणारा एखादा कर्मचारी प्रत्येक कचेरीत असतोच. साहेबांच्या रोषापासून त्याला संरक्षण देण्याचा ठराव संघटनेच्या येत्या बैठकीत मांडता येईल.