मार खाल्लेल्या लेकीला ‘नांदायला’ पाठवणाऱ्या बैठका बंद करा!



गेल्या पंधरवड्यात आपल्या तालुक्यातल्या एका सुनेने जीव दिला. मोर्चा निघाला, नवऱ्याला अटक झाली, निवेदने दिली गेली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, ते इथे पटवून द्यायला नको. पण मरणाआधी ती दोनदा माहेरी आली होती. दोन्ही वेळा चार प्रतिष्ठितांनी बैठक बसवली आणि तिला परत पाठवले. त्यातलेच काही जण परवा मोर्चात पुढे होते. हे पत्रक त्या बैठकीबद्दल आहे.

ही बैठक आपण सर्वांनी पाहिली आहे. ओसरीवर सतरंजी, वडीलधाऱ्यांना खुर्च्या, चहा. जिच्या अंगावर वळ आहेत ती आत, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिचे म्हणणे तिचा मामा सांगतो, आणि वळांबद्दल बोलायला त्यालाही संकोच वाटतो. मग स्टँप पेपर निघतो. नवरा लिहून देतो, ‘यापुढे मारहाण करणार नाही.’ खाली तिच्याकडून लिहून घेतात, ‘मीही सासरच्यांचा मान ठेवीन, न विचारता माहेरी येणार नाही.’ मार खाणारीकडून हमी! आणि हमी कशाची, तर जीव वाचवायला जिथे पळून आली तिथे पुन्हा न येण्याची. पंचांच्या सह्या होतात, संध्याकाळच्या गाडीला तिला बसवून देतात. महिन्याभराने ती कशी आहे हे बघायला सही करणाऱ्यांपैकी एकही जात नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्या शंभरांतल्या फक्त 14 जणींनी कुणाकडे मदत मागितली; 77 जणी कुणाशी बोलल्याही नव्हत्या. म्हणजे माहेरच्या उंबऱ्यावर बॅग घेऊन उभी राहिलेली मुलगी त्या मोजक्या चौदांतली असते. तिने तोंड उघडलेले असते. ते मिटवायचे काम आपली बैठक करते.

आता दुसरा आकडा. 2022 साली देशात 25,309 गृहिणींनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. शेती क्षेत्रातल्या आत्महत्या त्या वर्षी 11,290 होत्या. शेतकऱ्याचे मरण आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. त्याच्यामागे निदान चौकशी होते, पात्र-अपात्र ठरते, विधानसभेत आवाज उठतो. दुपटीहून अधिक असलेल्या या बायकांसाठी सभागृह कितीदा बंद पडले? यातली प्रत्येक मारहाणीमुळेच गेली, असे आम्ही म्हणत नाही. मारहाणीचा संबंधच नाही असे मात्र कुणी म्हणू नये.

‘तिला डिप्रेशन होतं हो,’ हे अंत्यविधीच्या दिवशीच सुरू होते. गोव्यात 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली, ती 2008 साली प्रसिद्ध झाली. मानसिक आजार वेगळा काढून हिशेब केला, तरी आत्महत्येच्या प्रयत्नाशी हिंसेचा संबंध उरलाच. आणि आजार होता असे धरले, तर आजारी मुलीला मारणाऱ्याच्या घरी पोचवणाऱ्यांना काय म्हणावे?

दुसरे म्हणतात, भांड्याला भांडे लागायचेच. भांडी पोटावर लाथ मारत नाहीत.

तिसरे म्हणतात, आत्महत्या पुरुषच जास्त करतात. खरे आहे, आणि त्यासाठी कुणी उभे राहिले तर आम्ही सोबत येऊ. पण पुरुषांच्या दुःखाची आठवण नेमकी सुनेच्या तेराव्यालाच का होते?

एकच प्रश्न आम्हाला खरा वाटतो. तो आईबाप विचारतात: ‘किती दिवस ठेवू? धाकटीचं लग्न व्हायचंय.’ या माणसांवर आमचा राग नाही. घरात दोन खोल्या, मजुरीवर पोट, आणि ‘परत आलेली’ असली की धाकटीचे स्थळ मोडते. पण ते मोडतो कोण? बैठकीत बसणारेच. पोरीला परत पाठवण्याची सक्ती बापाच्या गरिबीइतकीच आपल्या जिभांनी केलेली आहे. तिला पोटगी मागता येते. घर तिच्या नावावर नसले तरी 2005 च्या कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. बैठकीत हे कुणी तिला सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ‘पोलिसात गेलीस तर कायमचं तुटेल,’ एवढेच सांगतात.

यापुढे बैठकीचे बोलावणे आले तर जाऊ नका, गेलात तर सही करू नका. तिला स्वतःला विचारा, तिथे पुरुष नसताना, आणि ती ‘नाही जायचं’ म्हणाली की विषय संपला. वळांची नोंद सरकारी दवाखान्यात करून घ्या. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायला तिच्यासोबत एक बाई जाऊ द्या. शेजारी मारहाणीचा आवाज आला तर टीव्ही मोठा करू नका, दार वाजवा, 112 ला फोन करा. महिलांसाठी मदत 181 वर मिळते. जगणे नको झाले आहे असे कुणीही, बाई असो वा पुरुष, बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नका. 14416 वर रात्रंदिवस मोफत बोलता येते. हे तीन नंबर पिठाच्या गिरणीवर, रेशन दुकानावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर या आठवड्यात लिहायचे आहेत. रंग आमच्याकडे आहे, हात हवेत.