घरचा कॅमेरा नक्की कोणासाठी?

ढाणकीतलं घर बंद करून मुलांकडे पुण्याला गेलं, तरी कॅमेरा मोबाईलवर दिसावा म्हणून बरेच जण राउटरचं पोर्ट सरळ उघडून देतात. मला हे अजिबात पटत नाही. त्या दाराशी अनोळखी लोकही येतात.

त्यापेक्षा जुन्या कॉम्प्युटरवर डॉकरच्या कंटेनरमध्ये वायरगार्ड चालवावं. ते मोफत आहे, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलंय. घरच्या कनेक्शनला पुष्कळदा स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो. म्हणून कंटेनर आतूनच भाड्याच्या सर्व्हरला जोडून घेतो, आपला मोबाईलही तिथेच जोडायचा. वाट फक्त कॅमेऱ्यापुरती ठेवायची. प्रत्येकाची किल्ली वेगळी, मोबाईल हरवला तर तेवढीच रद्द. त्या किल्ल्या सेटिंग करणाऱ्याकडे नकोत, आपल्याच हाती हव्यात. सर्व्हरचं भाडं दरमहा लागतं, आणि घरची लाईट गेली की कॅमेराही गेलाच!