यवांचें मद्य आणि नाथसागराचें पाणी

आमच्या घराण्यांतील कोणी पुरुष मद्यगृहाची पायरी चढला, असें आजवर ऐकिवांत नाहीं. निदान कोणीं घरीं येऊन तसें सांगितलें नाहीं. या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, तें गेल्या महिन्यांत आमच्या ध्यानांत आलें.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. वय सव्वीस, बुद्धि चांगली, वडिलांचा धाक पुरेसा. छत्रपती संभाजीनगराहून सुमारें 235 किलोमीटरांचा प्रवास करून आम्ही त्याच्याकडे उतरलों, तेव्हां तो म्हणाला, "काका, शनिवारीं मित्रांबरोबर मी कोठें जातों, हें मला तुमच्यापासून लपवावयाचें नाहीं. तुम्हीच चला." नकार देणें सोपें होतें; परंतु नकार दिला असता तरी तो गेलाच असता, आणि पुढच्या खेपेस सांगितलें मात्र नसतें. आम्ही गेलों.

कोरेगांव पार्क व बाणेर या भागांत अशीं दोन स्थळें पाहिलीं. मनांतला अंधारा गुत्ता कोठेंच दिसला नाहीं. भरपूर उजेड, लांकडी बाकें, कुटुंबासह आलेलीं माणसें, आणि कांचेपलीकडे चकचकीत पोलादी पिंपें. बीअर तेथेंच तयार होते व तेथेंच विकली जाते. पुण्यांत या प्रकाराचा आरंभ 2009 सालीं 'डूलाली'नें केला. पुढें अशा जागा वाढत गेल्या.

तेथील कारागिरानें कृति समजावून दिली. जवांना मोड आणून ते वाळवितात. मग भरडून सुमारें 65 अंश उष्ण पाण्यांत तासभर ठेवतात, म्हणजे त्यांतील पिठूळ भागाची साखर होते. हें गोड पाणी गाळून 'हॉप' नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात. बीअरीचा कडवटपणा त्यांचा. तें निवलें कीं त्यांत यीस्ट घालतात, आणि साखरेपासून मद्यार्क व फेस आणणारा वायु निर्माण होतो. इडलीचें पीठ आंबविणाऱ्या गृहिणीस यांत फारसें नवल वाटूं नये. मात्र इडलीसाठीं कायद्यानें वयाची अट घातलेली नाहीं. आपल्या राज्यांत बीअरीसाठीं 21 वर्षें पुरीं व्हावीं लागतात, आणि परवानाही लागतो.

आम्हीं लिंबाचें सरबत घेतलें. पुतण्यानें एक पेला मागविला व तो तासभर पुरविला. त्या एका पेल्याच्या किंमतींत घरीं कित्येक दिवसांचें दूध येतें, हा हिशेब आम्हीं मनांतच केला. शेजारच्या मेजावर मात्र एक तरुण चौथा पेला मागवीत असतां गाडीची किल्ली बोटावर फिरवीत होता. त्याच्याकडे आमच्या पुतण्यानें पाहिलें, आणि आम्हीं पुतण्याकडे.

परंतु आम्हांस अधिक खटकलें तें निराळेंच. बीअर म्हणजे दहांत नऊ भाग पाणी. आणि धुण्या-निवविण्याचें धरलें तर एका लिटरामागें कारखान्यांत कित्येक लिटर लागतें. या बाबतींत आम्हीं पुण्यास नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. आमच्याच शहराच्या औद्योगिक वसाहतींतील बीअरचे मोठे कारखाने जायकवाडीच्या, म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या, पाण्यावर चालतात. 2016 च्या दुष्काळांत लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी 60 टक्क्यांपर्यंत तोडण्याचा हुकूम दिला. आमच्या घरच्या बायका तेव्हां टँकरपुढें हंडे मांडीत होत्या. उलट पक्षीं, आमच्या आळींतल्याही कांहीं चुली त्याच कारखान्यांच्या पगारावर पेटतात. तेव्हां आम्ही पीत नाहीं, एवढें म्हटल्यानें आमचे हात कोरडे राहत नाहींत.

परत निघतांना पुतण्यानें विचारलें, "काका, आईला सांगणार?" आम्हीं म्हटलें, "आम्ही नाहीं, तूं सांगावयाचें."

गेल्या रविवारीं तो घरीं आला, आणि रात्रीं पंगतींत त्यानें सारें सांगितलें. त्याचे वडील एक शब्द न बोलतां पानावरून उठले. आई बराच वेळ वाढीतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला हें मुळींच आवडलें नाहीं. पण पुन्हा गेलास, तर गाडी नेऊं नकोस. आणि खोलीवर पोहोंचल्यावर फोन कर."

बंधूंचा राग अजून गेलेला नाहीं, आणि तो अस्थानीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मद्याची शिफारस आम्ही करीत नाहीं. ज्या वाचकांचीं मुलें परगांवीं आहेत, त्यांना इतकेंच सुचवितों: एकदां त्यांच्याबरोबर जाऊन यावें. सरबत तेथें चांगलें मिळतें.