परत न येणाऱ्या गिऱ्हाइकाचं बिल

जयपूरचा जोहरी बाजार आणि त्याला लागून असलेला गोपालजी का रास्ता ही रंगीत खड्यांच्या व्यापारातली जगभर माहीत असलेली ठिकाणं आहेत. इथे पाचू-माणकांच्या कागदी पुड्या घेऊन दलाल एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जातात. माल बहुधा जांगड दिला जातो. पसंत पडला तर पैसे द्यायचे, नाही तर माल परत करायचा. लाखोंचा ऐवज अशा रीतीने एका चिठ्ठीवर, अनेकदा नुसत्या शब्दावर हातोहात फिरतो आणि बहुतेक वेळा सुखरूप परत येतो. हे व्यापारी इतरांपेक्षा जास्त सज्जन असतात असं समजायचं कारण नाही. शब्द मोडणाऱ्याची बातमी बाजारभर व्हायला वेळ लागत नाही आणि मग त्याला कोणी जांगड माल देत नाही, इतकं साधं ते गणित आहे. उद्या पुन्हा त्याच माणसाकडे जायचं असल्यामुळे हा प्रामाणिकपणा टिकतो.

मग ज्याला उद्या परत यायचंच नाही, त्याच्याशी कसं वागायचं? जयपूरसारख्या शहरात सचोटीची खरी परीक्षा इथे होते. सांगलीहून किंवा नाशिकहून चार दिवसांच्या सहलीला आलेलं कुटुंब जडावाचा एक हार, दोन रजया आणि सांगानेरी छापाच्या चादरी घेतं आणि गाडी पकडतं. हे लोक पुन्हा येणार नाहीत हे दुकानदाराला ठाऊक असतं, त्यांना आणून सोडणाऱ्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. पर्यटकांना गाठून ठरावीक दुकानांत नेणाऱ्या या दलालांना जयपुरात लपके म्हणतात. त्यांचा उपद्रव इतका वाढला की राजस्थान सरकारला 2010 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. त्यांचं कमिशन शेवटी वस्तूच्या किमतीतच धरलेलं असतं, गिऱ्हाइकाला मात्र ते कधीच दिसत नाही.

जडावाच्या हाराचंच पाहू. कुंदनकामात सोन्याचा पोकळ साचा घडवतात, त्यात लाख भरतात, लाखेवर खडा बसवतात आणि खड्याभोवती शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख दाबत नेतात. मागच्या बाजूला मीनाकारी असते. ही कला अस्सल आहे, तिचे पैसे मोजायलाच हवेत. पण तराजूत जे वजन भरतं त्यात सोनं किती, लाख किती आणि खडे किती, हे डोळ्यांना कळत नाही. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, मात्र कुंदन, पोलकी आणि जडाव यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे जयपूरची ज्या दागिन्यांसाठी ख्याती आहे, नेमक्या त्यांनाच सक्तीच्या शिक्क्याचं संरक्षण नाही. खड्यांचंही तसंच. पाचूच्या बारीक भेगांत तेल भरण्याची रीत जुनी आहे आणि ती सांगून केली तर जगभर चालते. शिसेयुक्त काच भरलेलं माणिक मात्र सोनाराच्या आचेने, अगदी लिंबाच्या रसानेही खराब होऊ शकतं. हे न सांगता विकणं ही फसवणूकच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की, सचोटी गिऱ्हाइकाने विचारण्याआधी बिलावर उतरली पाहिजे. एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, सोन्याची शुद्धता, खड्यावर केलेली प्रक्रिया, घडणावळ आणि परत घेताना काय कापलं जाईल ते, सगळं लेखी हवं. चादरीच्या बिलावर हाताचा ठसा आहे की स्क्रीन प्रिंट, हेही हवं. दुकानातलं गोड बोलणं, चहा, माल घरपोच पाठवण्याची तत्परता ही सगळी चांगली सेवा खरीच, पण तिची किंमत या कागदानंतर.

यावर व्यापारी म्हणतात, इतकं सांगत बसलो तर सौदाच मोडेल आणि शेजारचा न सांगता विकून मोकळा होईल. ही अडचण खरी आहे. एकटा दुकानदार सचोटीने वागला तर काही काळ तो तोट्यात जाऊ शकतो. म्हणूनच हा नियम सराफ संघटनांनी सगळ्यांना एकदम लागू करायला हवा. दुसरी तक्रार अशी की, गिऱ्हाइकालाच बिल नको असतं, तीन टक्के जीएसटी वाचवायचा असतो. हेही खोटं नाही. पण तीन टक्के वाचवणारं गिऱ्हाईक आपला एकमेव पुरावा दुकानातच सोडून जातं, हे त्याला सांगणार कोण? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीदेखील.

कागदच खोटा असला तर? 2024 मध्ये एका अमेरिकन महिलेने जोहरी बाजारातल्या एका दुकानाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. सुमारे सहा कोटी रुपयांना घेतलेले दागिने नकली निघाले आणि सोबतची प्रमाणपत्रंही खोटी होती, असा तिचा आरोप होता. कागदाने फसवणूक थांबतेच असं नाही, हे यावरून मान्य करावं लागतं. पण तोंडी बोललेलं नाकारता येतं, सही-शिक्क्याचं खोटं सहजासहजी नाकारता येत नाही. रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा जयपुरातच आहे, तेव्हा मोठ्या खरेदीचा अहवाल दुकानदाराऐवजी गिऱ्हाइकाने परस्पर तिथून घ्यावा, अशी सोय करणं अवघड नाही.

आता कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते आणि मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोग ती ऐकतो. सांगलीचं कुटुंब जयपूरच्या दुकानदाराला सांगलीत उत्तर द्यायला लावू शकतं. पण ही ताकद वापरायला त्या कुटुंबाच्या हाती लेखी पुरावा हवा, म्हणून केंद्राने जडावाची सूट ठेवतानाच निव्वळ सोनं आणि खड्यावरची प्रक्रिया बिलावर लिहिणं सक्तीचं करावं. जोहरी बाजारातल्या जुन्या पेढ्यांनी तर त्या सक्तीची वाटही पाहू नये.